मुरण्याचा परवाना

मराठीत 'मुरणे' हे क्रियापद फार कामाचे आहे. लोणचे मुरते, पहिल्या पावसाचे पाणी जमिनीत मुरते, आणि राजकारणात किंवा कचेरीत वर्षे काढलेला माणूस 'मुरलेला' म्हणून ओळखला जातो. या क्रियापदाचा कर्ता म्हणून मद्य मात्र मराठी वाक्यात सहसा आढळत नाही. दारू गाळतात, दारू चढते, उतरते, लागते, आणि एखाद्याचे नशीब असेल तर सुटते. यातले पहिले क्रियापद सोडले तर बाकीची सर्व पिणाऱ्याविषयी आहेत. पेल्यात जे असते त्याच्याविषयी आपली भाषा जवळजवळ मुकी आहे. हा भाषेचा स्वभाव म्हणावा, की तिला तसे बोलण्याची संधीच मिळाली नाही?

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव या प्रश्नासाठी सोयीचे आहे. समुद्राकाठी शंकराचे देऊळ, किनाऱ्यालगत माडांच्या वाड्या, मागे जांभ्या दगडाचा सडा आणि त्याच्या उतारावर काजू. पर्यटक यात निसर्ग पाहतो; मद्याचा इतिहास पाहणाऱ्याला येथे दोन उत्तम कच्चे माल शेजारी शेजारी उभे दिसतात. माडापासून माडी निघते, माडीपासून अर्क निघतो. काजूच्या बोंडापासून काय निघते ते गोव्याने जगाला दाखवले आहे. असे असूनही वेळणेश्वरापासून खाली सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर, लाकडात वर्षभर मुरवलेले आणि घोट घोट घेत प्यावे असे एकही मद्य परंपरेने आपल्यापर्यंत आलेले नाही.

याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. आपल्याकडे चव घेऊन पिण्याची संस्कृतीच नव्हती, हे पहिले. उष्ण आणि दमट हवेत मद्य मुरत नाही, हे दुसरे. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, आणि त्यासाठी एका परक्या मद्याचा आधार घ्यावा लागेल. ते म्हणजे मेक्सिकोची टकीला, आणि तीही उंची नव्हे, मध्यम किमतीची, थोडी मुरवलेली.

टकीलाची आपल्याकडची ओळख चुकीच्या दारातून झाली. मीठ चाटायचे, इवलासा पेला एका दमात रिता करायचा आणि लिंबू चावायचे, हा विधी चित्रपटांनी शिकवला. मीठ आणि लिंबू मिळून चव झाकतात, आणि हलक्या प्रतीच्या टकीलाच्या बाबतीत त्यांनी ती झाकलेलीच बरी. कायद्याने टकीलात किमान ५१ टक्के साखर घायपाताच्या एका विशिष्ट जातीची, निळ्या अगावेची, असली की पुरते. उरलेली उसाची चालते. तेव्हा घोट घेऊन प्यायची असेल तर बाटलीवर 'शंभर टक्के अगावे' असे लिहिले आहे की नाही एवढे पाहावे. मग वयाचा प्रश्न. दोन महिने ते एक वर्ष लाकडात राहिलेली ती 'रेपोसादो', म्हणजे विसावलेली. किमान एक वर्ष, सहाशे लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात राहिलेली ती 'आन्येहो', म्हणजे जुनी. तीन वर्षांवरची 'एक्स्ट्रा आन्येहो' ही श्रेणी २००६ साली निर्माण झाली; तिच्या किमती आपल्या विषयाबाहेरच्या आहेत.

मध्यम किमतीची रेपोसादो साध्या काचेच्या पेल्यात थोडीशी ओतून दहा मिनिटे तशीच ठेवली की पहिला झणझणीत वास ओसरतो. मग येतो तो भाजलेल्या रताळ्याचा, किंचित काकवीचा गंध. हा लाकडाचा नव्हे, वनस्पतीचा वास आहे: अगावेचा गड्डा भट्टीत शिजवून त्यातली साखर मोकळी केलेली असते. जिभेवर आधी गोडसरपणा, मग हिरव्या मिरीसारखा तिखटपणा, आणि गिळल्यावर मागे राहणारी जायफळ-व्हॅनिलाची छटा. ही शेवटची छटा तेवढी पिंपाची. आन्येहोत पिंप अधिक बोलते, वनस्पती मागे सरते. म्हणून स्वस्तातली आन्येहो घेण्यापेक्षा त्याच पैशात चांगली रेपोसादो घ्यावी, असे माझे मत झाले आहे. रंगावर विश्वास ठेवू नये. रंग, गोडी आणि वास सुधारण्यासाठी ठरावीक द्रव्ये एक टक्क्यापर्यंत मिसळण्याची मुभा मेक्सिकोच्या नियमांत आहे, आणि त्याचा उल्लेख बाटलीवर करावाच लागे असे नाही. फार मऊ, फार गोड, मिठाईच्या दुकानासारखी वास मारणारी टकीला समोर आली तर शंका घ्यावी.

आता हे मेक्सिकन मद्य वेळणेश्वराच्या माडांपाशी कसे येते ते पाहू. अगावेचा रस आंबवून 'पुल्के' नावाचे पेय करणे मेक्सिकोत स्पॅनिश लोकांच्या आधीपासून होते. ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफ करून अर्क उतरवणे, मात्र तेथे कोठून आले यावर वाद आहे. स्पॅनिश लोकांनी आपली तांब्याची भट्टी नेली हे खरे. पण १५६५ पासून अडीचशे वर्षे मनिला आणि अकापुल्को यांच्या दरम्यान गलबते ये-जा करीत होती, आणि त्यांतून फिलिपाइन्सचे खलाशी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरून स्थायिक होत होते. कोलिमाच्या परिसरात त्यांनी माड लावले, माडी काढली, आणि तिचा अर्क उतरवू लागले. पोकळ ओंडका, त्याच्या माथ्यावर थंड पाण्याचे पसरट भांडे, आणि आत ठिबकणारा अर्क पकडून बाहेर नेणारी नळी, अशी ही साधी आशियाई भट्टी. तिचा अवतार पश्चिम मेक्सिकोच्या डोंगरी भागात अगावेच्या मद्यासाठी वापरात असल्याचे हेन्री ब्रुमन या अमेरिकी भूगोलज्ञाने १९४० च्या दशकात दाखवून दिले. मेक्सिकोत ऊर्ध्वपातन त्याहूनही प्राचीन होते असे मानणारे अभ्यासक आहेत, त्यामुळे हा वाद मिटला असे म्हणता येणार नाही. तरीही टकीलाच्या पूर्वजांत माडाच्या अर्काला जागा आहे, हे मत आज बऱ्यापैकी स्वीकारले जाते. कोलिमात आजही माडी मिळते, आणि तिचे नाव 'तुबा' हे फिलिपाइन्सचेच आहे.

या कथेतला सर्वांत बोलका कागद १६१९ सालचा आहे. सेबास्तियान दे पिनेदा नावाच्या स्पॅनिश कप्तानाने आपल्या राजाला पाठवलेल्या निवेदनात एक गाऱ्हाणे मांडले. फिलिपाइन्सहून आलेले लोक किनाऱ्यावर माडाचे मद्य करू लागले आहेत, स्थानिकांना ते स्पेनच्या द्राक्षमद्यापेक्षा आवडू लागले आहे, आणि हे असेच चालले तर स्पेनहून येणाऱ्या मद्याला गिऱ्हाईक उरणार नाही. उपाय म्हणून त्याने सुचवले की या लोकांना गलबतात घालून परत पाठवावे आणि त्यांचे माड व भट्टीची भांडी जाळून टाकावीत. नीतीचा किंवा आरोग्याचा मुद्दा या तक्रारीच्या केंद्रस्थानी नाही. केंद्रस्थानी आहे महसूल आणि साम्राज्याची बाजारपेठ. हा कागद वाचताना कोकणचा पुढचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर माडीचा व्यवसाय प्रामुख्याने भंडारी समाजाच्या हाती होता. माडाची पोय उमलण्यापूर्वी बांधायची, तिचे टोक दररोज धारदार हत्याराने तासायचे, खाली मडके अडकवायचे, आणि सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून रस उतरवायचा. पहाटेचा रस गोड असतो. ऊन चढेल तसा तो आंबतो. हे काम कौशल्याचे तसेच जिवावरचे. या रसाच्या अर्काला एके काळी दूरवर मान होता. 'अरक' हा अरबी शब्द युरोपीय भाषांनी 'अ‍ॅरॅक' म्हणून उचलला, आणि अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये गोव्याचा व बटाव्हियाचा अ‍ॅरॅक अशी तुलना करीत 'पंच' नावाचे मिश्रण पिणारे शौकीन होते. 'पंच' म्हणजे पाच घटकांचे, अशी व्युत्पत्ती इंग्रजी कोशांत भेटते. आपल्या 'ताडी'चा 'टॉडी' झाला तो तर सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे किनाऱ्यावरच्या मद्याने इंग्रजीला शब्द पुरवले, मराठीत मात्र त्याच्या चवीचे शब्द घडले नाहीत. गोव्यात काजूच्या रसाच्या पहिल्या उतारीला आजही 'उर्राक' म्हणतात. तो याच अरकाचा भाऊबंद.

चव घेण्याची संस्कृती नव्हती हे म्हणणे जुन्या ग्रंथांनाही मानवणारे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवे मद्य जड व दोष वाढवणारे आणि जुने मद्य हलके व रुची वाढवणारे मानले आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांत मद्यपानालाही स्थान आहे. मधली शतके आपण ओलांडू. पण 'जुने ते चांगले' हा निकष या भूमीला परका नव्हता, एवढे यावरून निश्चित होते. द्राक्षासवाची बाटली औषध म्हणून बाळगणारी घरे आजही आहेत, आणि आसव काही काळ ठेवल्याशिवाय सिद्ध होत नाही हे तेथे सर्वांना मान्य असते.

मग आडवे काय आले? माझ्या मते याचे उत्तर १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यात, आणि त्या कायद्याने घडवलेल्या व्यवस्थेत आहे. या व्यवस्थेची सूत्रे अनेक वर्षे चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याकडे होती. माड छेदायचा तर झाडागणिक कर भरायचा. अर्क उतरवायचा तर परवाना, विकायचा तर वेगळा परवाना. उत्पादन शक्य तितके मोठ्या, देखरेख ठेवता येईल अशा भट्ट्यांत एकवटायचे. उरणच्या मोहाच्या दारूच्या भट्ट्या याच काळात भरभराटीला आल्या. १८९२ च्या मोहवा कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावरच बंधने आणली. फूल बाळगणे हाच गुन्हा! आदिवासींच्या आणि भंडाऱ्यांच्या घरगुती उत्पादनाला चोरटे ठरवून, सरकारी देखरेखीतल्या महागड्या दारूकडे गिऱ्हाईक वळवणे, हा त्याचा परिणाम होता. करवाढीविरुद्ध उत्तर कोकणात असंतोष उसळला. काही ठिकाणी माड छेदण्याचे कामच बंद ठेवले गेले.

आता मुरवणे म्हणजे काय ते व्यवहाराच्या भाषेत मांडून पाहा. आज तयार झालेला माल न विकता वर्षभर ठेवायचा. त्यासाठी भांडवल हवे, कारण कर आधी भरला आहे आणि पैसे वर्षाने येणार. जागा हवी. ठेवलेल्या मालाचे काही टक्के दर वर्षी हवेत उडून जातात, ते सोसण्याची ताकद हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे, पुढच्या वर्षीही हा माल कायदेशीर असेल, कोणी जप्त करणार नाही, असा विश्वास हवा. ज्याने झाडाचा कर हंगामाच्या तोंडाशी उधारीने भरला आहे तो माडी त्याच दिवशी विकणार. ज्याची भट्टीच चोरटी आहे तो तर उजाडायच्या आत विकणार, कारण शिल्लक राहिलेला माल म्हणजे पुरावा. या अवस्थेत कारागिराची सगळी बुद्धी वेगात खर्च होते. वेग हा मुरण्याचा शत्रू आहे.

मेक्सिकोतही बंदी होती, हे येथे नोंदवले पाहिजे. तिसऱ्या कार्लोस राजाने १७८५ साली स्पेनच्या मद्यव्यापाराच्या संरक्षणार्थ तेथील स्थानिक अर्कांवर बंदी घातली. पण ती दशकभरातच उठली, आणि १७९५ साली टकीला गावच्या कुएर्वो घराण्याला उत्पादनाचा रीतसर परवाना मिळाला. तेथून पुढे शतकभर भट्ट्या, जमिनी आणि पिंपे एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या राहू शकली. १९७४ साली 'टकीला' या नावाला भौगोलिक संरक्षण मिळाले. कोकणात याच काळात काय झाले? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. उरलीसुरली माडीही नीरेच्या सोवळ्यात गेली, अर्क रानात गेला आणि त्याला 'हातभट्टी' हे नाव मिळाले.

हा कायदा पुढे सैल झाला, पण रद्द झालेला नाही. महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो; तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो, आणि त्याची भाषा 'आरोग्य राखण्यासाठी' अशी आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी हा परवाना एक संहिता म्हणून वाचण्यासारखा आहे. कायद्याच्या लेखी मद्य एकतर व्यसन असते किंवा औषध. तिसरी शक्यता, म्हणजे कोणी एखाद्या संध्याकाळी चवीसाठी एक पेला घेऊन बसला आहे, ही या शब्दसंग्रहात व्यक्तच होऊ शकत नाही.

मराठी साहित्य तरी याहून वेगळे काय करते? गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने (पहिला प्रयोग १९१९) सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही त्रयी आपल्या मनात कायमची रुजवली. त्या नाटकात प्याल्याचा परिणाम दिसतो, चव नाही. आणि नाटकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. दुसऱ्या टोकाला माधव ज्युलियनांनी खय्याम मराठीत आणला. तेथे पेला आहे, साकी आहे, पण ते मद्य रूपकातले. त्याला द्राक्षाचा वास यावा अशी कोणाची अपेक्षा नाही. नाश आणि रूपक यांच्या मधोमध असलेली जागा मराठी गद्याने फारशी वापरलेली नाही. माशांविषयी, आंब्याविषयी, चहाविषयीसुद्धा इतके रसाळ लिहिणारी भाषा येथे गप्प का होते, याचे कारण मी लेखकांच्या सोवळेपणात शोधणार नाही. जे मद्य दरवेळी नवे, कच्चे आणि भीत भीत गिळायचे असते, त्याचे वर्णन काय करणार?

याचा अर्थ दारूविरोधाची परंपरा खोटी होती असा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेकडे दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, ती महसुलासाठी दुकाने वाढवणाऱ्या व्यवस्थेविरुद्धच होती. गावोगावच्या बायकांनी बाटली आडवी करण्यासाठी दिलेले लढे घरातल्या मारहाणीच्या आणि उपासमारीच्या अनुभवातून आले आहेत. चवीच्या गप्पा मारणाऱ्याने त्यांच्यासमोर आवाज खाली ठेवावा. मात्र बंदीने पिणे थांबत नाही, ते अंधारात जाते. मुंबईत मालवणी भागात २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती चवीसाठी पिणारी माणसे नव्हती.

हवेची सबब राहिली. गोव्याच्या कुंकळ्ळीत तयार होणारी पॉल जॉन ही व्हिस्की २०१२ पासून जगाच्या बाजारात आहे. त्या हवेत पिंपातून अर्क झपाट्याने उडतो आणि लाकडाचा गुणही तितक्याच झपाट्याने उतरतो. स्कॉटलंडमध्ये ज्याला दशक लागते ते येथे काही वर्षांत साधते. गोव्याची हवा आणि वेळणेश्वराची हवा यांत असा कितीसा फरक आहे? फरक आहे तो सरहद्दीचा. पोर्तुगीज अमलात आणि १९६१ नंतरही गोव्यात फेणी कायदेशीर राहिली. जुन्या घरांत ती मोठ्या काचेच्या 'गर्राफांव'मध्ये वर्षानुवर्षे ठेवलेली असते. लाकडाची सवय तेथेही फारशी नव्हती, पण 'ही अमक्या वर्षाची' असे सांगण्याची सवय होती, आणि २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले ते या सलगतेच्या बळावर.

यात आणखी एक गंमत आहे. काजू ब्राझीलचा, तो पोर्तुगीजांनी कोकणात आणला. घायपात मेक्सिकोचे, ते देशावरच्या बांधांवर कुंपण म्हणून आले आणि आपण त्याचे दोर वळले. दख्खनच्या याच घायपातापासून मद्य करण्याचे डेस्मंड नाझरेथ यांनी मनावर घेतले. त्यांच्या आंध्र प्रदेशातल्या भट्टीचे मद्य २०११ साली गोव्यात बाजारात आले. त्याला टकीला म्हणता येत नाही, कारण ते नाव मेक्सिकोचे आणि वनस्पतीही निराळ्या जातीची. पुढे भारतीय घायपाताचे लाकडात मुरवलेले प्रकारही आले. त्यांतल्या रेपोसादोसारख्या मद्यात मला मेक्सिकोचा तो रताळ्याचा गोडवा कमी आणि गवताचा, किंचित मातकट कडवटपणा जास्त आढळला. तो दोष वाटला नाही. देशावरच्या उन्हात, पाण्यावाचून, दहा-दहा वर्षे उभ्या राहिलेल्या झाडाने तसेच लागावे.

महाराष्ट्र शासनाने २०२२ साली काजूची बोंडे आणि मोहाची फुले यांपासून होणाऱ्या मद्याचे वर्गीकरण बदलण्याचा निर्णय घेतला. तोवर ते 'देशी' वर्गात मोडत होते, म्हणजे मळीच्या अर्काला संत्र्या-मोसंबीचा वास देऊन विकल्या जाणाऱ्या दारूच्या पंगतीत. नव्या निर्णयाने त्याला 'विदेशी मद्य' हा दर्जा मिळाला. रत्नागिरीच्या सड्यावर पिकलेल्या बोंडाचा अर्क प्रतिष्ठित दुकानात ठेवायचा तर त्याने आधी परदेशी व्हायचे. शब्द चमत्कारिक आहे, पण कारागिराला माल वर्षभर कोठारात ठेवण्याचे धाडस करता येईल अशी काही वाट त्यातून निघू शकते. ती वाट वेळणेश्वरापर्यंत पोहोचायची आहे. तेथे मार्च ते मेमध्ये काजूची बी पिरगाळून टोपलीत पडते, आणि पिवळी-तांबडी बोंडे बहुतेक झाडाखालीच राहतात.